मुलांचा दमसास कसा वाढवावा: दहा ते सतरा वयाच्या खेळाडूंसाठी

सकाळी सव्वासहा. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला लागून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा पळतो आहे. तोंड लालबुंद, मुठी छातीशी आवळलेल्या. बाहेरच्या रस्त्याने वडिलांची स्कूटर त्याच्या बरोबरीने. "थांबायचं नाही, अजून दोन राउंड!" चौथा राउंड संपता संपता पोरगा पोट धरून खाली बसला. वडील माझ्याकडे आले. "मॅडम, क्रिकेटचे सर म्हणतात याच्यात स्टॅमिना नाही. काय करायचं?"

पार्काचा घेर सव्वा किलोमीटरला जरा कमी. म्हणजे हा मुलगा उपाशीपोटी साडेचार किलोमीटरच्या वर पळाला होता आणि तेही जीव खाऊन. स्टॅमिना आहे हो त्याच्यात. हळू कसं पळायचं, एवढंच त्याला कुणी शिकवलेलं नाही.

गेली सतरा वर्षं मी दादरला मुलांची सकाळची बॅच घेते. सुरुवातीला मीही त्या स्कूटरवाल्या वडिलांसारखीच होते. तेरा वर्षांची एक मुलगी होती, शाळेच्या ६०० मीटरला कायम पहिली. तिला मी रोज आठ किलोमीटर पळवायचे. पंधराव्या वर्षी नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने बारीक तडा, झालं आणि तिने पळणं कायमचं सोडलं. तिच्याकडे पुन्हा येते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी तिच्यानंतर शिकले.

१. आधी तीन प्रश्न, मग बूट

पळताना मूल कधी चक्कर येऊन पडलंय का? पळताना छातीत दुखतं किंवा विचित्र धडधड होते का? घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने अचानक गेलंय का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर मैदानावर यायच्या आधी डॉक्टरांकडे जा, ईसीजी काढा. "लहान आहे, त्याला काय होणार" हे वाक्य इथे चालत नाही.

दमा असलेल्या मुलांना पळायला बंदी नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र खिशात हवा, घरच्या कपाटात नव्हे. आणखी एक गोष्ट: पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी ज्याला खोकल्याची उबळ येते किंवा छातीतून शिट्टी ऐकू येते, त्याला आपण "दम नाही" म्हणून मोकळे होतो. बऱ्याचदा तो व्यायामाने चाळवणारा दमा असतो आणि औषधाने आटोक्यात येतो.

बुटांचं थोडक्यात. पुढे अंगठ्याएवढी जागा असावी, टाच घट्ट बसावी. मोठ्यांच्या शर्यतीतले महागडे, जाड तळव्याचे बूट मुलांना घेऊ नका. सहा महिन्यांत पाय वाढणार आहे.

२. दाराच्या चौकटीवर खूण करा

घरातल्या एखाद्या चौकटीला टाचा टेकवून मुलाला उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि पेन्सिलने खूण करा. शेजारी तारीख. दर तीन महिन्यांनी पुन्हा. पालकांच्या हातातलं हे सगळ्यात कामाचं साधन आहे आणि ते फुकट आहे.

एरवी मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. तीन महिन्यांच्या दोन खुणांमध्ये दोन सेंटीमीटरहून जास्त अंतर पडलं की उंचीची झेप सुरू झाली असं धरून चाला. मुलींमध्ये ती साधारण बाराव्या वर्षी येते, मुलांमध्ये चौदाव्या. दोन-दोन वर्षं इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. म्हणून तर चौदा वर्षांखालच्या शर्यतीत एक मुलगा मिसरूड फुटलेला असतो आणि शेजारच्या लेनमधला अजून आईचा हात धरून आलेला. जन्मदाखला सारखाच, शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक.

झेपेच्या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागून येतात. हाडांच्या टोकांची वाढणारी जागा तेव्हा नाजूक असते. गुडघ्याच्या वाटीखाली जो उंचवटा असतो तिथे दुखायला लागतं, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागे दुखलं तर तो बहुधा सीव्हर्सचा त्रास. दोन्ही आपोआप शमतात, पण पळणं आणि उड्या कमी केल्या तरच. हे काही महिने आठवड्यातले दोन दिवस पळण्याऐवजी पोहणं किंवा सायकल ठेवा. महापालिकेचा तरणतलाव जवळ असेल तर उत्तम. दम तिथेही वाढतो, गुडघ्यावर मार मात्र बसत नाही.

या काळात मुलं एकाएकी धांदरटही होतात. काल नीट पळणारा आज स्वतःच्याच पायात पाय अडकवतो. त्याला ओरडू नका. पाय लांब झालेत, मेंदूला अजून खबर नाही.

३. मुलं लगेच दमतात आणि लगेच ताजीही होतात, ते का

शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात. दहा वर्षांच्या निरोगी मुलाचा आकडा वजनाच्या दर किलोमागे ४५ ते ५० मिलिलिटरच्या आसपास असतो. चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या त्याच्या वडिलांचा बहुधा त्याहून बराच खाली. खरं तर स्कूटरवर मुलाने बसायला हवं होतं!

मग तो दमतो का? हृदय लहान, एका ठोक्याला कमी रक्त पुढे जातं, म्हणून ठोके जास्त पडतात. पाय आखूड, म्हणून तेवढ्याच अंतराला पावलं जास्त. त्याच वेगाने पळायला किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढण्याची स्नायूंची ताकद अजून पुरती आलेली नसते. पण त्यामुळेच अशी ऊर्जा काढताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट कमी साठतं आणि पोरगं दोन मिनिटांत पुन्हा लगोरी रचायला हजर होतं.

प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावं असं यात दोन गोष्टींचं गणित आहे. एक, काही आठवड्यांच्या नीट सरावाने मोठ्यांचं व्हीओटू मॅक्स १५ ते २० टक्के वाढू शकतं. वयात न आलेल्या मुलांमध्ये वाढ सहसा ५ ते १० टक्क्यांची. दुसरं, दहा ते सोळा या वयात मुलाचा एकूण दम भराभर वाढतो तो मुख्यतः हृदय, फुप्फुसं आणि स्नायू मोठे झाल्यामुळे. श्रेय आम्ही घेतो, ही गोष्ट वेगळी.

मुलींचं एक वेगळं सांगायला हवं. वयात येताना शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, ते निसर्गाचंच काम आहे. त्यामुळे किलोमागचा आकडा थोडा उतरतो आणि तेराव्या ते पंधराव्या वर्षी वेळ अडकून बसते, कधी मागेही जाते. नेमकं तेव्हाच कुणीतरी "वजन कमी कर" म्हणतं. म्हणू नका.

आणि २२० वजा वय हे सूत्र मुलांसाठी विसरा. पौगंडावस्थेच्या मध्यापर्यंत पळताना नाडीचा कमाल वेग वयाप्रमाणे फारसा बदलत नाही, दोनशेच्या आसपासच राहतो. मनगटावरच्या घड्याळात १९० दिसले म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही.

४. आजचा दम मोजून ठेवा

सगळ्यात सोयीची चाचणी म्हणजे २० मीटरची शटल रन, बीप टेस्ट. बरोबर २० मीटरवर दोन रेघा मारा. बीपच्या आवाजाची फाइल मोबाइलवर सहज मिळते. बीप वाजायच्या आत समोरची रेघ गाठायची, वळायचं, परत यायचं. वेग ताशी साडेआठ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. लागोपाठ दोन बीप हुकल्या की मूल बाहेर. कितवी पातळी, कितवी फेरी, हे वहीत लिहा. त्याच दिवशीची उंचीही लिहा, ती पुढे लागेल.

निसरड्या फरशीवर ही चाचणी घेऊ नका, वळताना घोटा जातो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेणार असाल तर आधी पाणी पुसून घ्या आणि रेघांच्या पुढे चार पावलं मोकळी ठेवा. शेवटची रेघ गाठून मूल भिंतीवर आदळलेलं मी पाहिलं आहे.

फार लहान मुलांना किंवा नव्याने येणाऱ्यांना ६०० मीटर पळत-चालत पुरे. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, अंगठ्याच्या मुळाशी नाडी पकडून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. आठवडाभर हे केलं की मुलाचा नेहमीचा आकडा कळतो. पुढे कधी तो आकडा एकदम आठ-दहाने चढलेला दिसला तर त्या दिवशी सराव हलका: झोप अपुरी असेल, नाहीतर ताप येऊ घातला असेल.

५. गप्पा मारत पळायला शिकवा

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिकवायला सगळ्यात अवघडही हीच, कारण मुलांना दोनच वेग माहीत असतात: थांबलेला आणि सुसाट.

माझी पद्धत अशी. मुलांच्या जोड्या लावायच्या, शक्यतो सारख्या दमाच्या. पळता पळता एकाने दुसऱ्याला काल पाहिलेल्या मॅचची किंवा शाळेतल्या भांडणाची गोष्ट सांगायची, अख्खी वाक्यं बोलून. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त, दोघांनी चालायला लागायचं. श्वास बसला की पुन्हा पळायचं. परत आल्यावर ऐकणाऱ्याने ती गोष्ट मला सांगायची. पहिल्या आठवड्यात निम्म्या जोड्यांना गोष्टीचा शेवट माहीत नसतो. तिसऱ्या आठवड्यात मला नको असलेल्या कानगोष्टीसुद्धा कळतात.

सुरुवात अशी करा: दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, हे सहा वेळा. पुढच्या आठवड्यात तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. सलग वीस मिनिटं गप्पा मारत पळता आलं की पाया तयार झाला. कुणाला तिथे पोचायला चार आठवडे लागतात, कुणाला दहा. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. अंतर सांगितलं की मूल ते लवकर संपवायला बघतं. वेळ सांगितली की घाई करून काही मिळत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं.

हळू पळण्याने होतं काय? हृदयाचा एकेक ठोका जास्त रक्त ढकलायला लागतो. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे कारखाने, वाढतात. धाप लागेपर्यंत रोज पळवलं तर मूल थकतं, दुसऱ्या दिवशी टाळाटाळ करतं, आणि या गोष्टींना लागणारी मिनिटंच हाती येत नाहीत.

६. आठवडा कसा लावावा

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. ही सर्वसाधारण मुलांसाठीची गोष्ट. खेळाडू मुलासाठी मी वरची मर्यादा अशी धरते: जितकी वर्षं वय, आठवड्याला तितकेच तास सराव, त्याहून जास्त नाही. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. यात शाळेची प्रॅक्टिस, क्लबची प्रॅक्टिस, नेट्स, सामने, सगळं आलं. गाइल्स शील्ड, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांच्या मोसमात मुलं दिवस दिवस मैदानावर असतात, आणि वर संध्याकाळी "फिटनेससाठी" वेगळा क्लास. बेरीज करून बघा एकदा.

दहा ते बारा वर्षं: पळण्याचा "सराव" आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटांचा, बाकी खेळ. साखळी हा दमसासाचा अप्रतिम व्यायाम आहे. बाद झालेल्याने हात धरायचा आणि साखळीने बाकीच्यांना पकडायचं, कुणी उभंच राहत नाही. खो-खो, लंगडी, डोंगर का पाणी, फुटबॉल, काहीही. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळायची; २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे तर अॅथलेटिक्सकडे वळला तो सैन्यात भरती झाल्यावर. त्याआधी शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट होती. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्य घेतलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. बाराव्या वर्षी दहा किलोमीटरची रोड रेस पळाला नाही म्हणून कुणाची गाडी सुटत नाही. शालेय स्पर्धांतही चौदा वर्षांखालच्यांना ६०० मीटरच्या पुढची शर्यत नसते, ते उगाच नव्हे.

तेरा-चौदा: तीन दिवस पळणं, प्रत्येकी पंचवीस ते पस्तीस मिनिटं, त्यातला एक दिवस चढ-उताराचा. चौकटीवरची खूण उडी मारत असेल तर दोन दिवस, आणि एक दिवस पोहणं.

पंधरा ते सतरा: चार ते पाच दिवस. त्यातला एक लांब, हळू, तास-सव्वा तासाचा. एक वेगाचा. उरलेले तीस ते पन्नास मिनिटांचे, गप्पांच्या वेगाचे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम: बैठका, जोर, एका पायावर तोल, टाचा उचलणं. मल्लखांब येत असेल तर सोडू नका, पोट-पाठीला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही.

सगळ्यांनाच आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. "हलका जॉग" नव्हे, सुट्टी. आणि वर्षातले बाराही महिने एकच खेळ नको. आठ महिन्यांवर एका खेळाला देऊ नयेत. मे महिन्यात गावाला जायचं असेल तर जाऊ द्या. विहिरीत पोहून, डोंगर चढून मूल परत येतं तेव्हा जूनमध्ये बहुतेकदा ते आधीपेक्षा ताजं असतं.

७. वेग: थोडा आणि बेताने

हळू पळण्याच्या शेवटी ऐंशी मीटरचे पाच-सहा सुटसुटीत धावे, मध्ये चालत परत. हे कोणत्याही वयात चालतं आणि मुलांना आवडतं. खरे इंटरव्हल्स मात्र पंधरानंतर, निदान तीन-चार महिने पाया झाल्यावर: तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं चालत, असे चार. पहिला आणि शेवटचा धाव सारख्या अंतराचा झाला पाहिजे. शेवटचा आखडला, तर पहिला जास्त जोरात मारला असं समजायचं.

चढासाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडे जाणारा रस्ता सुरेख आहे. दक्षिण मुंबईतल्यांना मलबार हिल आहेच. चढ पळत, उतार चालत. उतारावर गुडघ्याला जास्त मार बसतो. आरे कॉलनीत पहाटे अंधारात लहान मुलांना पळायला नेऊ नका. बिबट्यांचा मुलूख आहे तो, शिवाय दुधाच्या गाड्या सुसाट असतात.

८. मुंबईची हवा, मुंबईचा पाऊस

इथली अडचण नुसत्या तापमानाची नाही, दमटपणाची आहे. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्वचा जास्त, म्हणून बाहेर रणरणत असेल तर अंग बाहेरून झपाट्याने तापतं. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरात सराव सकाळी साडेसातच्या आत आटपा. मार्चअखेरीस उकाडा वाढला की पहिले दहा-चौदा दिवस वेळ कमी करा, शरीराला सवय लागायला तेवढे दिवस लागतात. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी द्या. तहान लागायची वाट बघू नका. तासाभराच्या वर सराव असेल तर मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा लिंबू सरबत. डोकं दुखणं, उन्हात काटा येणं, उलटी, असंबद्ध बोलणं यातलं काही दिसलं तर लगेच सावली, अंगावर गार पाणी, आणि बोलणं बरळल्यासारखं असेल तर १०८ ला फोन.

पावसाळ्यात मैदानात चिखल, रस्त्यावर तुंबलेलं पाणी. तुंबलेल्या पाण्यातून मुलांना पळवू नका. पायाला लहानशी जखम असली तरी लेप्टोस्पायरोसिस व्हायला तेवढी पुरते. कुणी चुकून गेलंच तर पाय साबणाने धुवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून औषध लागेल का ते विचारा. त्या चार महिन्यांत आमची बॅच जिन्यात चालते. चार मजले पळत वर, चालत खाली, आठ वेळा. मध्ये दोरीच्या उड्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची परवानगी आधी घ्या. आवाजाने त्यांची दुपारची नव्हे, पहाटेची झोप मोडते.

हिवाळ्यात उलटाच घोळ. आपल्याला वाटतं पहाटेची हवा शुद्ध. डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर-धूळ तिच्यात अडकते. दुपारनंतर खारे वारे सुटले की चित्र बरंचदा सुधारतं. समीर अॅपवर हवेचा निर्देशांक बघा. १०० च्या आत असेल तर बिनधास्त. १०१ ते २०० मध्ये वेगाचा सराव रद्द, दमेकऱ्यांना घरात व्यायाम. २०० च्या वर गेला की कुणालाच बाहेर पळवू नका. शेजारच्या प्लॉटवर इमारत पाडत असतील तर अॅप काहीही म्हणो, जागा बदला.

जमिनीबद्दल: माती किंवा गवत सगळ्यात चांगलं. प्रियदर्शनी पार्कचा सिंथेटिक ट्रॅक वेगाच्या दिवसासाठी ठीक. मरीन ड्राइव्ह सुमारे साडेतीन किलोमीटर, मन रमतं, पण तळ टणक. आठवड्यातून एकदा पुरे. जुहूला जायचं तर ओहोटीची वेळ बघून, घट्ट ओल्या वाळूवर, आणि जाताना जितकं तितकंच येताना. किनारा उतरता असतो, एकाच बाजूने पळत राहिलं तर एका पायावर ताण येतो.

९. डबा आणि झोप

आता ती मुलगी. रोज आठ किलोमीटर पळायची आणि डब्यात दोन पोळ्या नि भाजी. घरात खायला कमी नव्हतं. कुणीतरी तिला "हलकी राहिलीस तर वेग येईल" सांगितलं होतं, आणि तो कुणीतरी बहुधा मीच असेन. वर्षभर तिची पाळी आली नव्हती. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं विरळ व्हायला लागतात. म्हणून आता पहिल्याच पालकसभेत, आया आणि मुलींसमोर, मी सरळ सांगते: पाळी सुरू झालेल्या मुलीची तीन महिने चुकली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तर डॉक्टर. पहिल्या वर्षी अनियमित असते हे खरं, पण पळणाऱ्या मुलीच्या बाबतीत "आपोआप येईल" म्हणून थांबू नका.

उपाशीपोटी पळवू नका. निघण्याआधी केळं, नाहीतर दोन खजूर, नाहीतर अर्धी गूळ-पोळी. परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर: पोहे आणि उकडलेलं अंडं, मटकीची उसळ-पोळी, नाचणीची भाकरी आणि दही. पोह्यांवर लिंबू पिळायला विसरू नका, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाबरोबर नको, तो नेमकं उलटं करतो. ज्या मुलाची वेळ काही कारण नसताना दोन-तीन महिने ढासळत जाते, त्याचं हिमोग्लोबिन तपासा. बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींमध्ये १२ च्या खाली म्हणजे अॅनिमिया. फेरिटिनही बघून घ्या, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका.

प्रोटीन पावडरचा डबा घेऊन येणारे पालक दरवर्षी दोन-तीन तरी असतात. शेंगदाण्याची चिक्की आणि ग्लासभर दूध घ्या, उरलेल्या पैशांत बूट येतील. कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक्स मुलांना अजिबात नकोत.

झोप तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास, त्याहून लहानांना नऊ ते बारा. रात्री साडेनऊला क्लास सुटणार, विरारहून पहाटे पाचची लोकल पकडून दादरला यायचं, मग शाळा. असं असेल तर सकाळचा सराव बंद करून संध्याकाळी घराजवळ पळा. माझी बॅच सोडायला मीच सांगितलेली मुलं आहेत.

१०. बारा आठवड्यांनी

शटल रन पुन्हा घ्या. तीच जागा, तेच बूट, जमल्यास तीच वेळ. तापातून उठलेल्या मुलाची घेऊ नका. डेंग्यू, मलेरियानंतर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही आधी आठवडाभर चालणं, मग गप्पांचा वेग.

आकडा वहीतल्या उंचीशेजारी ठेवून वाचा. उंची तेवढीच आणि दोन पातळ्या वर: उत्तम. उंची तीन सेंटीमीटर वाढली आणि पातळी तीच: हेही चांगलंच आहे, कारण आता तो जास्त वजन तितकंच पळवतो आहे. उंचीही तीच, पातळीही खाली: झोप, डबा, हिमोग्लोबिन, याच क्रमाने शोधा, सराव वाढवू नका.

तो स्कूटरवाल्यांचा मुलगा पहिल्या दिवशी पाचव्या पातळीवर थांबला होता. बारा आठवड्यांनी सहावीच्या मध्यावर. वडिलांचा चेहरा पडला. मी वही दाखवली, तीन महिन्यांत अडीच सेंटीमीटर. मग म्हटलं, मुलाला विचारा पळताना कसं वाटलं. पोरगा म्हणाला, "बाबा, आज पोटात दुखलं नाही." वडील आता स्कूटर घरी ठेवून येतात. एक राउंड स्वतः पळतात, दुसऱ्याला कट्ट्यावर बसतात.